आजोळाचं अत्तर

“मग यात कमी काय पडलं, तेवढं सांगा. मला दुसरं काही नको.”

नीळकंठरावांनी अत्तराची कुपी पुढे धरली.

लतीफशा बाबा बाज विणत बसले होते. त्यांनी हातातली सुतळी सोडली नाही.

“अत्तर तू करतोस,” ते म्हणाले. “मी फकीर. मला काय कळतंय त्यातलं?”

“सगळ्यांना विचारून झालं, म्हणून तुमच्याकडे आलो.”

हे जरा सजवून सांगितलेलं होतं. नीळकंठराव दिवेकरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. साताऱ्यात त्यांचं अत्तराचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचा खरा मालक म्हणजे त्यांचं नाक. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर ते आतून म्हणत, “सकाळी मेथीची भाजी झाली वाटतं.” गिऱ्हाईक चाट पडायचं. बायको मात्र वैतागायची, कारण शेजारच्या घरातली फोडणी करपली तरी ह्यांना कळायची आणि हे तिथे जाऊन सांगून यायचे.

असा माणूस गावाबाहेरच्या तकियात, चिंचेखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका म्हाताऱ्या फकिरासमोर मांडी घालून बसला होता. म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

“कुणासाठी केलंस?” बाबांनी विचारलं.

“आईसाठी.”

“आईला अत्तर?”

“घरी जायचंय म्हणते.”

“मग ने की.”

“घर नाही...”

सुतळी थांबली.

मग नीळकंठरावांनी सगळं सांगितलं. आईची आठवण हळूहळू पुसत गेली होती. आधी सुनेचं नाव गेलं, मग जेवलो की नाही ते, मग पोटच्या पोराचं तोंड. आता एकच वाक्य उरलं होतं, ‘मला घरी जायचंय.’ सकाळी उठली की पायात चपला घालून पलंगावर बसायची. कुणी समोर आलं की तेवढंच बोलायची. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायची. घरी गेल्यावर जेवीन म्हणायची. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, या वयात असं होतं, खायला घालत राहा. कसं घालायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

“घर म्हणजे तिचं माहेर,” नीळकंठराव म्हणाले. “एवढं आम्ही ताडलं. गाडीत बसवून आसरेवाडीला नेलंसुद्धा. पण मामाचं घर पाडून तिथे आता मंगल कार्यालय झालंय. त्याच्या दारात उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, मला घरी सोडता का?”

ते थांबले.

“मला ‘अहो’ म्हणाली, बाबा.”

बाबांनी सुतळी बाजूला ठेवली.

“मग मी ठरवलं. घर पाडलं तर पाडलं. त्या घराचा वास माझ्या नाकात आहे. तिला घरी नेता येत नाही, तर घरच उचलून तिच्याकडे आणतो. माझ्याशिवाय दुसरं कोण करणार हे?”

शेवटच्या वाक्याला त्यांची मान आपसूक ताठ झाली.

बाबांनी कुपी घेतली. बूच काढलं. डोळे मिटले.

“आंबे,” ते म्हणाले.

“रायवळ. आढीतले. वर भाताचा पेंढा.”

“पाणी आहे.”

“विहिरीचं. शेवाळलेल्या पायऱ्यांचं.”

“गोठा... मोगरा... सारवण...”

“सगळं आहे! महिने घातलेत मी यात. मामेभावाच्या हातावर एक थेंब टेकवला, तर तो साठीचा बाप्या माझ्या गळ्यात पडून रडला. मी स्वतः रडलो.”

“आणि ती?”

नीळकंठराव खाली बघू लागले.

“हातानं बाजूला सारलं. म्हणाली, घरी जायचंय.”

बाबांनी कुपी पुन्हा नाकाशी नेली. या वेळी ते गालातल्या गालात हसले.

“इथे कुणी अभ्यासाला बस म्हणत नाही.”

“आँ?”

“दिवसभर विहिरीत उड्या. आंबा खाऊन हात चड्डीला पुसले तरी कुणी ओरडत नाही. फार छान घर आहे, बेटा. कुणाचं?”

“आईचं माहेर म्हणतोय ना मघापासून!”

“नाही.”

“नाही कसं?”

“हे तुझं आजोळ आहे.”

चिंचेवर पोपटांचा गलका चालला होता. नीळकंठरावांना तो एकदम मोठा वाटू लागला.

“एकच घर आहे ते, बाबा.”

“एकच?”

“एकच. कौलारू. दारात शेवगा. मागे विहीर.”

“तुझी मामी त्या घराला काय म्हणायची?”



“...सासर.”

“तिला या कुपीत काय आलं असतं?”

“मामीला?” ते म्हणाले. “धूर. दुसरं काय येणार? मे महिन्यात आम्ही सगळी पोरं तिथे पडीक. ती बिचारी चुलीपुढून हलायची नाही.”

“आणि तुझ्या वडिलांना?”

आता नीळकंठरावांनाही हसू आवरेना.

“त्यांची सासुरवाडी. त्यांना कडक इस्त्रीच्या धोतराचा वास आला असता. दोन दिवस राहिले तरी पाय पसरून बसले नाहीत कधी तिथे.”

“मग?” बाबा म्हणाले. “घर एकच. राहणारे चौघं चार गावांना.”

त्यांनी कुपीला बूच लावलं, ती नीळकंठरावांच्या मांडीवर ठेवली आणि सुतळी पुन्हा ओढायला घेतली.

नीळकंठरावांचं हसू जागच्या जागी विरलं. एवढे महिने ज्या कुपीवर जीव टाकला, तिला एका फकिरानं दोन शब्दांत निकालात काढलं होतं. माणूस अशा वेळी चिडतो. तेही चिडले.

“शब्दांचे खेळ करायला मला वेळ नाही, बाबा. तिकडे माझी आई उपाशी आहे.”

“म्हणून तर म्हटलं,” बाबा म्हणाले.

नीळकंठराव तरातरा निघाले. स्कूटरला लाथ अशी मारली की जसं काही तिनंच त्यांचा अपमान केला होता. पण घाटाचा उतार संपायच्या आत त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि उभे राहिले. गर्विष्ठ माणूस एवढा भडकतो तेव्हा त्याला आतून पटलेलं असतं, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आपण आसरेवाडी फक्त मे महिन्यात पाहिली... आईनं बाराही महिने पाहिली.

तिथूनच त्यांनी मामेभावाला फोन लावला.

“अरे, माघ-फाल्गुनात तुमच्याकडे काय असायचं?”

“हळद,” मामेभाऊ म्हणाला. “दुसरं काय? तुम्ही सुट्टीला यायचात तोवर ती बाजारात जाऊन आलेली असायची.”

घरामागे काहिली, भल्यामोठ्या लोखंडी कढया, चढायच्या, त्यांत हळकुंडं शिजायची. वर पाला, त्यावर गोणपाट, आणि खाली जाळाला पुन्हा हळदीचाच वाळका पाला. तो पाला जाळात सारायचं काम घरातल्या पोरींचं. डोळ्यांतून पाणी, अंगभर पिवळं, आठवडाच्या आठवडा. हे सगळं नीळकंठरावांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी दुकान बायकोच्या हवाली केलं आणि जिथे अजून अशा काहिली लागतात अशा एका वाडीत जाऊन राहिले. शिजत्या हळदीच्या वाफेत नाक खुपसून उभे राहिले. ती वाफ काही गोड नसते. कच्ची, मातकट, कडवट, नाकात चढणारी. घरी येऊन त्यांनी अत्तर गाळायचा भबका लावला, बिघडवलं, ओतून दिलं, पुन्हा लावला. शेवटी जे अत्तर उतरलं ते इतकं उग्र होतं की फुकट दिलं तरी गिऱ्हाइकानं घेतलं नसतं. नीळकंठराव बेहद्द खूश झाले.

काही दिवसांनी ते पुन्हा तकियात आले ते लांबूनच ओरडत आले.

“वळली! बाबा, मान वळली तिची!”

बाबा कानाला मफलर गुंडाळून, चादर पांघरून बसले होते. त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. नीळकंठराव कुठले बसतात!

“तुमचंच खरं होतं. ते आजोळ होतं. हे घ्या, हे माहेर. हळद शिजतेय. बूच काढलं आणि तिनं खिडकीकडची मान इकडे वळवली. नाकपुड्या हलल्या. मी डोळ्यांनी पाहिलं. किती दिवसांनी तिनं कशाकडे तरी पाहिलं, बाबा! मला वाटलं, आता ओळखते. आता...”

“मग?”

नीळकंठराव खाली बसले.

“मग म्हणाली, मला घरी जायचंय.”

“हं.”

“पण वळली ना! म्हणजे दारापर्यंत नेलं मी तिला. आता आत न्यायचं तेवढं राहिलं. काहीतरी बारीकसं कमी आहे. गोणपाट असेल, काहिलीचं लोखंड असेल. शोधून काढतो. माझ्या नाकातून सुटणार नाही ते. फक्त तिनं तोवर...”

 आदल्या दिवशी ती पाण्यालाही नको म्हणाली होती.

त्यांनी कुपी पुढे केली. बाबांनी ती हातात घेतली नाही.

“तिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“दारात उभी आहे तिचं.”

“विमल. विमलाबाई दिवेकर.”

“ते तुझ्या बापानं ठेवलेलं. लग्नात, तांदळात लिहून.”

“हो. तशी पद्धतच...”

“त्याच्या आधीचं?”



“मामा तिला ताई म्हणायचा,” ते आठवत आठवत म्हणाले. “वडील अगं म्हणायचे. आम्ही आई...”

“तिची आई काय म्हणायची?”

“आजी माझ्या जन्माआधीच गेली.”

“म्हणजे माहीत नाही.”

“...नाही.”

हा शब्द नीळकंठरावांच्या तोंडून सहसा येत नसे. त्यांनी स्वतःलाच सावरून घेतलं.

“पण बाबा, नावाला कसला आलाय वास?”

बाबांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना. थांबल्यावर त्यांनी समोरची जमीन हातानं थोपटली.

“इकडे ये. असा नाही. पाठ माझ्याकडे कर.”

“कशाला?”

“ये म्हणतो ना.”

नीळकंठराव सरकले. पाठ करून बसले. त्यांना हे अजिबात आवडलं नव्हतं. शेडमध्ये आणखी दोघंतिघं बसलेले होते, आणि ते बघत होते.

बाबांनी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. कलप लावलेल्या केसांवर दोन्ही तळवे ठेवले. मग वाकले, आणि लहान लेकराची टाळू हुंगतात तशी त्यांची टाळू हुंगली. लांब श्वास घेऊन. शांतपणे. घाई न करता.

बघणाऱ्यांतला एक जण हसायच्या बेतात होता. त्यानं तोंडावर हात ठेवला.

नीळकंठरावांना आधी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मग खांदे उडाले. मग तो जाडजूड, मिशीवाला माणूस गुडघ्यांत तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागला. आवाज करून रडू लागला. बाबांनी हात काढले नाहीत.

बऱ्याच वेळानं नीळकंठरावांनी नाक पुसलं.

“काय... काय वास आला तुम्हाला?”

“मला?” बाबा मफलरच्या टोकानं नाक शिंकरत म्हणाले. “मला सर्दी झालीय. परवापासून नाक चोंदलंय. खीर आहे की कांदा, तेसुद्धा कळेना.”

नीळकंठराव वळून त्यांच्याकडे बघतच राहिले.

“तुला आला?”

“आला...”

“कसला?”

“खोबरेलाचा. कोमट केलेल्या. आणि तिच्या ओल्या पदराचा. न्हाऊ घालायच्या आधी टाळूवर तेल थापायची, आणि न्हाऊन झालं की अशीच... अशीच हुंगायची.”

ते एकदम थांबले. सवयीनं नाक वर करून त्यांनी चारी बाजूंना वास घेतला. सुतळीचा आला, चिंचेचा आला, बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी खिशातल्या तंबाखूचा आला. खोबरेल कुठेही नव्हतं.

“बाबा, इथे तेल कुठंय?”

बाबांनी त्यांची टोपी झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

“तिची टाळू कुणी भरली होती?” त्यांनी विचारलं.

नीळकंठराव उठले. टोपी हातातच राहिली. हळदीची कुपी तिथेच जमिनीवर राहिली. कुणीतरी मागून हाक मारली, “अहो, तुमचं अत्तर!” पण स्कूटर चालू झाली होती.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. बायको दारातच भेटली.

“पेज तशीच आहे हो,” ती म्हणाली. “तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“खोबरेल दे. जरा कोमट कर.”

“आता कशाला?”

“दे गं.”

आई पलंगावर बसली होती. पायात चपला. हात मांडीवर. निघायची तयारी करून बसलेलं माणूस बसतं तशी.

नीळकंठराव समोर आले. तिनं वर पाहिलं.

“अहो, मला घरी सोडता का?”

रोज या प्रश्नाला घरातलं प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचं, ‘आई, हेच आपलं घर.’ समजावून सांगायचे, फोटो दाखवायचे, कधी आवाजही चढायचा. आज नीळकंठराव तिच्या पाठीमागे जाऊन पलंगावर बसले.

“सोडतो,” ते म्हणाले. “आधी तेल लावू?”



त्यांनी तिचा अंबाडा सोडला. अंबाडा कसला, सुपारीएवढी गाठ होती ती. वाटीतलं तेल चमचाभर टाळूवर ओतलं आणि तळव्यानं थापलं. जमत नव्हतं. तेल मानेवर ओघळलं, कानामागे गेलं, पदराला लागलं. थेंबभर अत्तर सांडलं तर दिवसभर हळहळणारा माणूस, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

ती ताठ बसून होती. परक्या माणसानं हात लावला की बाई जशी अंग चोरते, तशी.

मग ते वाकले आणि त्यांनी आईची टाळू हुंगली.

किती फुलं, किती मुळ्या, किती लाकडं त्या नाकाखालून गेली होती. आईच्या डोक्याजवळ ते मोठेपणी कधी गेलं नव्हतं. तिथे कसला वास होता, हे त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. ते विचारावं असं कुणाला वाटलंही नाही.

आईचे खांदे सैल झाले.

ती मागे रेलली. सगळा भार त्यांच्यावर टाकून रेलली. भार असा काय होता? पण टाकला मात्र सगळा. तिनं एक पाय झटकला, चप्पल खाली पडली. मग दुसरी.

“आई,” ती म्हणाली.

नीळकंठरावांचा हात थांबला.

“आई... थांबू नको ना गं.”

दारात पेजेची वाटी घेऊन उभी असलेली सून जागची हलली नाही. नीळकंठरावांना काय बोलावं कळेना. आपला हा घोगरा आवाज, या मिशा. शेवटी ते एवढंच म्हणाले, “नाही थांबत.”

“यमी दमली गं आज. सगळा पाला मीच सारला. तो धाकटा नुसता बसून होता.”

यमी!

नीळकंठरावांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले,

“यमे...”

“ऊं?”

“भूक लागली?”

“लागलीय की! कधीची बसलेय. तू आलीच नाहीस.”

सून धावली. अक्षरशः धावली, अर्धी पेज साडीवर सांडली. नीळकंठरावांनी चमचा तोंडाशी नेला आणि आईनं तोंड उघडलं. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती म्हणाली, “लोणचं नाही होय गं?” तेव्हा नवरा-बायको दोघंही एकदम हसले आणि एकदम रडले. लोणच्याचा खार आला. वाटी संपली. सून पुन्हा भरून घेऊन आली, तीही निम्मी संपली. मग आई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. अनवाणी, पाय पोटाशी घेऊन, लहान मुलगी झोपते तशी.

त्या घरात त्या संध्याकाळी जो आनंद झाला, तेवढा नीळकंठरावांच्या लग्नातसुद्धा झाला नसेल. त्यांनी मामेभावाला फोन करून नुसतं “यमी! यमी! आत्याचं नाव यमी!” एवढंच सांगितलं. त्याला वाटलं, आत्याचं काही बरंवाईट झालं. मग समजल्यावर तोही पलीकडून ओरडू लागला. समोरच्या वाणीणबाईंना वाटलं, ह्यांना लॉटरी लागली. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

सकाळी तकियात चहा व्हायच्या वेळेला नीळकंठराव हजर झाले. रोज कानात असायचा तो अत्तराचा फाया आज नव्हता. हातांना तेल होतं. सदऱ्यावर हळद, पेज आणि लोणच्याचा खार यांचे डाग होते. अशा अवतारात हा माणूस साताऱ्यात कुणी पाहिला नव्हता.

“जेवली, बाबा!”

“जेवली?”

“दीड वाटी! सकाळी उठली आणि चपलांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणते, आई, वेणी घाल. मी घातली. वाकडी झाली. तर म्हणते, तुला येतच नाही!”

बसलेले सगळे हसू लागले. कालचा तो तोंडावर हात ठेवणारा आज मांडीवर थाप मारून हसत होता. नीळकंठराव स्वतः तर एवढे हसत होते की त्यांना धाप लागली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खोबरेल, चपला, यमी, पाला न सारणारा धाकटा, लोणचं. कुणी नवा माणूस आला की त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. बाबा प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकत होते.

चहा आला. बाबांनी आपल्या हातानं एक कप नीळकंठरावांपुढे ठेवला.

नीळकंठरावांनी कपाला हात लावला नाही. त्यांचं हसू ओसरलं होतं.

“एक विचारू?”

“विचार.”

“तिनं मला अजून ओळखलेलं नाही, बाबा. मला आईच म्हणते. मी तिचा नीळू, हे तिला... म्हणजे कधीतरी...”

ते थांबले. कपातून वाफ निघत होती.

बाबांनी हात लांब केला, त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात दिला.

“अरे, घरी माहेरवाशीण आलीय,” ते म्हणाले, “आणि तू इथे बसलायस होय?”